डोंगऱ्या ऑर्कचे वजा दोन

विन्या, दार उघडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत ऐकशील. तुझा डोंगऱ्या काल दुपारी ग्रंथगडाच्या आत गेला, पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत. गजू इतक्या जोरात ओरडला की शेजारचा टेलर हातात कात्री घेऊनच धावत आला. कोण जिंकलं म्हणून विचारत होता. त्याला वाटलं क्रिकेट लागलंय.

तुला जाऊन तीन आठवडे होत आले. कसा गेलास, किती वाजता, जवळ कोण होतं, हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की तोंडपाठ झालंय, आणि त्यात तू कुठेच सापडत नाहीस. म्हणून ते इथं लिहीत नाही. एकच सांगतो. फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आपल्या खेळात डोंगऱ्यासारख्या ऑर्कला, त्या सुळेवाल्या राक्षसाला, मिळते ती सवलत. प्राण संपले तरी एकदा, फक्त एकदा, ऑर्क पडत नाही, उभाच राहतो. सहा वर्षांत तू ती कधी वापरली नाहीस. "राहू दे, कामाला येईल," म्हणायचास. मी फोन कानाला लावून दुकानात उभा होतो आणि मला वाटून गेलं, अरे, ह्याची ती तर अजून शिल्लक आहे. वेड्यासारखं वाटलं, पण वाटलं.

आपल्या ह्या खेळाची सुरुवात माझ्या एका आगाऊपणातून झाली. पुण्यात शिकणारं एक पोरगं सुट्टीत वसमतला आलेलं, ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आलं. त्याला चाळीस पानं हवी होती. त्यातली चित्रं बघून मी गुपचूप आणखी एक प्रत काढून घेतली. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि चार रिकामटेकडे, एवढ्यावर चालणारा खेळ. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. काही अवघड करायची वेळ आली की फासा टाकायचा. गोष्ट चालवणारा मी. पुस्तकात त्याला मास्तर म्हणतात, पण आपल्यात खरा मास्तर तू, कळमनुरीच्या शाळेतला गणिताचा. म्हणून मला सूत्रधार केलंत. हळदवाला गजू, समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला अफरोज आणि तू. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं आणि साडेपाचच्या तुझ्या बसपर्यंत खेळायचं.

पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे वंशांचा तक्ता. मी तो रात्रंदिवस घोकला होता. एका मोठ्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून झेरॉक्स मशीनच्या वर टांगला. जोर, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, छाप, असे रकाने. एल्फ देखणे, हलक्या पावलाचे, अंधारात बघणारे, बुद्धीत अधिक दोन. बुटके हळू चालणार, पण दगड आणि लोखंड त्यांना कळतं आणि विष अंगाला लागत नाही. अर्धुले हे बुटक्यांहूनही लहान, भित्रे, खादाड, आणि नशीब असं की फाशावर एक पडला तर पुन्हा टाकायची मुभा. माणसाला सगळ्यात अधिक एक, म्हणजे सरकारी योजनेसारखं सगळीकडे थोडं थोडं आणि कुठेच पुरेसं नाही. आणि सगळ्यात शेवटी ऑर्क. जोर अधिक दोन, बुद्धी वजा दोन.

रकान्यांच्या डोक्यावर मी पहिल्यांदा काय लिहिलं होतं, ते आठवतं ना? तू दप्तर खाली ठेवलंस, चष्मा पुसलास आणि तक्त्यासमोर जाऊन उभा राहिलास.

"हे काय लिहिलंय रे? जात?"

"पात्राची. इंग्रजीत तसंच कायतरी हाय."

"म्हणजे ऑर्काच्या पोटी पोरगं जन्मलं, की डोळे उघडायच्या आधी त्याच्या अकलेतून दोन वजा?"

"नियमच हाय तसा."

"कोणी केला?"

"पुस्तकात हाय ना बाबा. मी कुठं केला?"

तू हसलास. "असंच असतंय. कोणीच केलेला नसतो."

तुझ्या घरच्या भिंतीवर कोणाची तसबीर आहे आणि माझ्या घरच्या किती एकर जमिनीचं आम्ही नाव सांगतो, हे आपल्या मैत्रीत कधी मध्ये आलं नव्हतं, असं मी तोवर समजत होतो. घाईघाईनं मी जातीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि वंश लिहिलं. तू बघितलंस. "पाटी रंगवली. छान. आता माझं पात्र लिही. ऑर्क. जादूगार."

जादूगाराचं सगळं काम बुद्धीवर चालतं. अफरोज कळवळला. "मास्तर, दिमाग का काम है वो. ऑर्क से नहीं होता. एल्फ लेव, मैं बुटका लेता."

"तेच तर बघायचंय," तू म्हणालास.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. एका म्हातारबाबांना सातबाऱ्याच्या सहा प्रती हव्या होत्या आणि त्यांची कागदं ओली झालेली. मी परत आलो तोवर तू स्वतःचा कागद स्वतःच भरून ठेवला होतास. डोंगऱ्या, ऑर्क, जादूगार. मी तो कागद नीट वाचलाही नाही. ह्या न वाचण्याकडे परत येतो.

त्यानंतर सहा वर्षं आपण भांडलो. मी म्हणायचो, फरकच काढून टाकले तर खेळ कसला? मग सगळ्यांनी माणूसच व्हा आणि घरी बसा. आणि तुझं उत्तर दर वेळी तेच असायचं, फक्त भजी बदलायची.

"फरक काढ म्हणतो का मी? एल्फाला अंधारात दिसू दे. बुटक्याला इख लागू देऊ नको. अर्धुल्याला नशीब दे. ते कसे राहतेत, काय खातेत, कशाला भितेत, समदं येगळं ठेव. नुसती अक्कल कोणाच्या पोटी जन्मला त्याच्यावर ठरवू नको. ती शिकून येती. मी तेवढ्याचाच तर पगार घेतो."

मग मी खेळात वचपा काढायचो. तू बुद्धीचा फासा टाकलास की आकडा यायच्या आधीच मी घोषणा द्यायचो, "ऑर्क, वजा दोन!" गजू आणि अफरोजही सुरात सूर मिसळायचे. तू पण हसायचास. मला वाटायचं तुला मजा येते.

आणि तुझं अपयश काय भारी असायचं! तो शिलालेख आठवतो? जंगलातल्या दगडावर कुठली तरी प्राचीन लिपी. तू फासा टाकलास, वजा दोन झाले, आकडा थोडक्यात कमी पडला. डोंगऱ्याला वाचता येईना. दुसरा कोणी असता तर तिथंच बसला असता. तू म्हणालास, "बरं. इथं शेळ्या कोण चारतंय?" मी म्हटलं, असेल एखादी म्हातारी. तू तिच्याशी अर्धा तास बोलत बसलास. तिच्या शेळ्यांची नावं मला तिथल्या तिथं बनवावी लागली. आणि शेवटी त्या म्हातारीनं सांगितलं की ह्या दगडापासून शेळ्या लांब पळतात, खाली पोकळ आहे. तो भुयाराचा रस्ता तू न वाचता काढलास. पुस्तकात नव्हताच तो, तुझ्यामुळे मला तयार करावा लागला. सूत्रधार म्हणून माझी जी काय अब्रू आहे, ती तुझ्या अशा फजित्यांनी कमावलेली आहे.

एकदा बस चुकली होती तेव्हाचं बोलणं मात्र मला नीट आठवतं आणि ते आठवलं की कान गरम होतात. स्टँडवर बसून तू सहज सांगितलंस, सातवीत स्कॉलरशिपच्या परीक्षेचे फॉर्म वाटताना सरांनी तुझ्या बाकावरून हात पुढे नेला. "तुला काय करायचाय फॉर्म? तुझा जोर चांगला हाय, तू कबड्डीत नाव काढ." वर्गात गणितात पहिला तू होतास. मी त्यावर काय म्हणालो? "सोड ना, जुनं झालं आता." तू "व्हय, सोडलं" म्हणालास आणि शेंगांची टरफलं झटकून उठलास. जोर अधिक दोन, बुद्धी वजा दोन. माझ्या भिंतीवर टांगलेला तक्ताच होता तो, आणि मला त्या दिवशी दिसला नाही.

मग आपला शेवटचा रविवार. तुम्ही तिघं ग्रंथगडाच्या दाराशी पोचला होतात. तिथं जगातली सगळी पुस्तकं आहेत आणि आजवर एकही ऑर्क आत गेलेला नाही, असं मी दोन वर्षांपासून पेरून ठेवलं होतं. दार जोरानं उघडत नाही. दारावर हात ठेवायचा आणि बुद्धीचा फासा टाकायचा. फासा आणि बुद्धी मिळून वीस किंवा वर गेले पाहिजेत, आणि एका पात्राला एकच संधी. तू नाकारलेला एल्फ अफरोजनं घेतला होता, तो हरला. गजूचा बुटका हरला. तू डोंगऱ्याचा हात दारावर ठेवलास आणि घड्याळ बघितलंस. सव्वापाच. "घाईत टाकायचा फासा न्हाई हा. पुढच्या रविवारी. हे समदं असंच ठेव." मी खरंच ठेवलं. कागद, नकाशा, तीन बाहुल्या, सगळं त्या मागच्या टेबलावर तसंच. पुढचा रविवार यायच्या आत तू गेलास, आणि मी कालपर्यंत त्या टेबलावर कोणाला पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वैशालीवहिनींनी मला बाजूला घेतलं. "सुनीलभाऊ, ह्यांचं काही राहिलंय का तुमच्याकडं? शेवटी दोनदा म्हणाले, रविवारचं राहिलं."

मी म्हटलं, "एक डाव राहिलाय."

"मग मी येते."

काल त्या आल्या. तुझ्याच बसनं, तुझंच दप्तर घेऊन. त्यांनी हा खेळ कधी बघितला नव्हता. तुझ्या खुर्चीवर बसल्या. अफरोजला राहवलं नाही. "सुनील, खोल दे यार दार. मास्तर के नाम पे. कौन पूछने आता?" गजूही म्हणाला, उघड, खेळच आहे. खोटं कशाला बोलू, मीही उघडणारच होतो. वीसचा आकडा मीच ठरवलेला, मीच पुसला असता.

वहिनी म्हणाल्या, "फासा न टाकता उघडलेलं ह्यांना चाललं असतं का?"

मी फासा त्यांच्या हातात दिला. तुझ्या कागदावर बुद्धीपुढं सात लिहिलेले होते, म्हणजे तेरा किंवा वर हवे आणि माझे ते वजा दोन धरले तर पंधरा. वहिनींनी फासा ओंजळीत धरून हलवला नाही, काही नाही, भाजीत मीठ टाकावं तसा टाकला. तो स्टेपलरला जाऊन अडला. तेरा.

आणि मी, विन्या, सवयीनं म्हणालो, "ऑर्क, वजा दोन." ह्या वेळी कोणी सूर धरला नाही. तेरा आणि सात वीस, त्यातून दोन गेले, अठरा. दार बंद. गजूनं मान खाली घातली. मला वाटलं माझ्या जिभेला आग लागावी.

वहिनी मात्र तुझा कागद बघत होत्या. "सुनीलभाऊ, हे सात कसे आले?"

"तो बुद्धीचा आकडा हाय, वहिनी."

"ते कळलं. पण ह्यांनी बाजूला पायऱ्या मांडल्यात. नऊ, वजा दोन, बराबर सात. दोन तर आधीच गेलेत. मग तुमी परत काहून वजा केले?"

मी कागद घेतला. बारीक अक्षरात, पेन्सिलीनं, तू पोरांना सांगतोस तशा पायऱ्या. दर वेळी डोंगऱ्या खेळात वर चढला आणि त्याची बुद्धी वाढली, तेव्हा तू नवी वजाबाकी मांडली होतीस आणि माझ्या वाट्याला फक्त उत्तर ठेवलं होतंस. म्हणजे त्या पहिल्या दिवशी मी सातबाऱ्याच्या प्रती काढत होतो तेव्हा तू वजा दोन करून ठेवले. मी परत आलो आणि दर रविवारी, प्रत्येक फाशाला, तेच दोन पुन्हा कापत राहिलो. सहा वर्षं. गणिताच्या मास्तरसमोर! आणि हे शोधून काढायला ज्यांनी फासा आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला त्या वहिनी लागल्या, पाच मिनिटं.

"मास्तर को मालूम था?" अफरोजनं हळूच विचारलं.

वहिनींनी दप्तरातून वही काढली. ही कसली वही ते त्यांनाही माहीत नव्हतं, शाळेची समजून आणली होती. आत प्रत्येक रविवार आणि प्रत्येक फासा. दोन रकाने आखलेले. एकावर "सुन्या", दुसऱ्यावर "खरं". त्यात शिलालेखाचा दिवसही होता. सुन्याच्या रकान्यात हरला, खऱ्यात जिंकला. तो पूल, ती विहीर, कोल्ह्याचं कोडं, सगळीकडे तसंच. आणि पहिल्या पानावर तुझ्या त्या तिरप्या अक्षरात हे होतं:

"सुन्या दोनदा वजा करतोय. सांगणार नाही. सांगितलं तर तो ही चूक लगेच दुरुस्त करील आणि आपण किती न्यायानं वागलो म्हणून खूश होईल. माझं भांडण चुकून केलेल्या वजा दोनशी नाही. बरोबर केलेल्या वजा दोनशी आहे."

मी आधी हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो, कारण तू मला किती नीट ओळखून होतास. खूश झालोच असतो मी. चहा मागवला असता, सॉरी म्हणालो असतो, आणि तक्ता भिंतीवर तसाच राहिला असता. मग रडलो. वहिनींनी पाण्याची बाटली पुढे सरकवली.

आधी खेळाचं. तेरा आणि सात वीस. मी उभा राहून मोठ्यानं म्हटलं, "ग्रंथगडाचं दार उघडलं." कोणी सूट दिली नाही, विन्या. फासा वहिनींचा, पायऱ्या तुझ्या, नियम तोच जुना. गजू ओरडला तो तेव्हा. टेलर आला तो तेव्हा. अफरोजनं वहिनींना वाकून सलाम केला आणि आपल्या एल्फाची बाहुली डोंगऱ्याच्या मागं, बरोब्बर मागं, नेऊन ठेवली. शहजादा म्हणवतो स्वतःला, पण काल डोंगऱ्याच्या मागून आत गेला.

मग मी मार्कर घेऊन स्टुलावर चढलो. तुझी ती वही वाचताना मला एक मोह झाला होता, तो तुला सांगतो. वाटलं, बघा, चार चार कापून घेऊनसुद्धा हा कुठवर पोचला, म्हातारीच्या शेळ्यांतून रस्ता काढला, म्हणजे त्या वजाबाकीनंच ह्याला घडवलं. असं म्हटलं की छान वाटतं, माझ्यासारख्यांना विशेष. पण तू पोचलास ते तुझं आहे. त्याचं श्रेय मी माझ्या चुकीला देणार नाही, आणि त्या सरांनाही देणार नाही. स्टँडवर मी "सोड ना" म्हणालो होतो, ते मी परत घेतो. तेव्हा म्हणायला हवं होतं की वाईट झालं, तो फॉर्म तुझा होता. उशीर झाला, कळतंय मला.

बुद्धीचा रकाना मी वरपासून खालपर्यंत काळा केला. ऑर्कचे वजा दोन गेले, माणसाचा अधिक एक गेला, एल्फांचे अधिक दोन पण गेले. "मेरे काहून काटता भाई?" अफरोज ओरडला. "मैंने क्या किया?" वहिनी हसल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदा असं त्याच म्हणाल्या. गजू म्हणाला, "तू कायबी केलं न्हाई रे, तेच तर मास्तर सांगून राहिला होता." अफरोज अजून कुरकुरतोय. येत्या रविवारी भांडण आहे आणि वहिनी येणार आहेत. डोंगऱ्या त्याच खेळणार, आत शिरल्यावर पहिलं पुस्तक कोणतं उघडायचं ते त्यांनी ठरवून ठेवलंय, मला सांगत नाहीत.

अर्धुल्यांचं नशीब मात्र मी काढणार नाही. त्यावर आपलं बोलणं अर्धं राहिलंय. तू म्हणाला होतास, नशीबही जन्मानं का मिळावं? मला वाटतं, एवढंसं ते लेकरू, त्याला मिळू दे. तू असतास तर फाडून खाल्लं असतंस, भज्यांसकट. तुझ्या बाजूनं आता कोणी भांडत नाही म्हणून मी जिंकलो असं समजणार नाही, उत्तर तेवढं राखून ठेवतो.

वही वहिनींनी माझ्याकडेच ठेवलीय. काल सगळे गेल्यावर मी ती पुन्हा उघडली. शेवटचा रविवार तू दोन्ही रकान्यांत रिकामा ठेवला होतास. तिथं तुझ्याच पेन्सिलीनं कालचा फासा लिहिला. "सुन्या" ह्या रकान्यावर रेघ मारली, "खरं" मध्ये वीस लिहिले. दार वीसलाच उघडलं, ते कोणी खोडू शकत नाही. मग तुझा कागद घेतला, त्यातले वजा दोन खोडले, सातच्या जागी नऊ केले आणि वहीत खाली, माझ्या नावानं, पायऱ्या मांडून लिहिलं: तेरा अधिक नऊ, बरोबर बावीस. दोनदा तपासलंय. तरी एकदा बघून घे, मास्तर.